महायुद्ध पटावर मांडताना: पुण्यातल्या नवख्या भिडूंसाठी

दुसऱ्या महायुद्धावरचा मोठा पटखेळ शिकायचा म्हटलं की बहुतेक जण रूलबुक उघडतात आणि तिथेच थांबतात. ढीगभर पानं, बारीक टाइप, प्रत्येक नियमाला क्रमांक आणि त्या क्रमांकाला पुन्हा पोटक्रमांक. पुण्यात इतिहासावर तासन्‌तास वाद घालणारी माणसं रग्गड आहेत, बुद्धिबळाचा पट तर घरोघरी सापडतो. तरी हा छंद इथे मोजक्या लोकांपुरता राहिला, आणि त्याचं मुख्य कारण हे रूलबुकच आहे असं मला वाटतं.

हे नियम पाठ करायचे नसतात. चांगल्या युद्धखेळात जवळजवळ प्रत्येक नियमामागे १९३९ ते १९४५ मधली एखादी खरीखुरी अडचण असते: चिखल, रेल्वेचे रूळ, तेलाचा तुटवडा, जहाजांची कमतरता. ती अडचण एकदा समजली की नियम डोक्यात बसतो आणि पुन्हा पान उलटावं लागत नाही. पुढे जे सांगतोय ते सगळं याच वाटेने जातं.

पहिली पायरी: मॉस्को, सात टर्न

थेट जगाचा नकाशा मांडू नका. फ्रँक चॅडविक यांनी १९८६ मध्ये ‘बॅटल फॉर मॉस्को’ हा छोटा खेळ मुद्दाम नवख्यांसाठी तयार केला. एक लहान नकाशा, मूठभर काउंटर (सैन्याच्या तुकड्या दाखवणारे पुठ्ठ्याचे छोटे चौकोन), मोजकी पानं नियम आणि सगळे मिळून सात टर्न. तो इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहे, फक्त छापून घ्यायचा. दोघांनी मिळून एका दुपारी पूर्ण होतो.

यात जर्मनांच्या टर्नचा क्रम नीट बघा. आधी नवी कुमक, मग फक्त रणगाड्यांची चाल, मग लढाई, आणि लढाईनंतर सगळ्यांची चाल. म्हणजे रणगाडे एका टर्नमध्ये दोनदा हलतात: लढाईआधी शत्रूच्या बगलेत शिरतात, आणि खिंडार पडलं की त्यातून पुढे घुसतात. १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मन चिलखती दलांनी हेच केलं होतं. रशियनांच्या टर्नमध्ये रणगाड्यांच्या चालीच्या जागी रेल्वेची चाल आहे. का? कारण रूळ त्यांच्या स्वतःच्या मुलखातले, त्यांच्याच गाड्यांच्या मापाचे, आणि सगळे मॉस्कोकडे येणारे. दोन बाजूंचे दोन वेगळे क्रम घोकायला लागले तर डोकं शिणतं. कारण कळलं की दोन्ही क्रम एकदाच वाचून लक्षात राहतात. मधल्या चिखलाच्या टर्नमध्ये सगळ्यांचाच वेग मरतो, ते शरद ऋतूतल्या रशियन रस्त्यांमुळे.

छपाईचं काम सोपं आहे. नकाशा जाड कागदावर रंगीत काढून घ्या, शनिवार पेठ-सदाशिव पेठेतल्या कॉलेजांच्या आसपास अशी छपाई करणारी बरीच दुकानं आहेत. काउंटरचा कागद दीड-दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. पुठ्ठा, स्टीलची पट्टी, कटर आणि कापायची मॅट अप्पा बळवंत चौकात एका फेरीत मिळून जातात. डिंक पातळ लावून वर जड पुस्तकं ठेवा आणि रात्रभर वाळू द्या, नाहीतर काउंटर वाकडे होतात. कापून झाल्यावर नेलकटरने चारही कोपरे किंचित उडवायचे. हा दिखावा नाही. टोकदार कोपरे एकमेकांत अडकतात आणि चार काउंटरची चळत उचलताना शेजारचीही ढासळते.

पुण्यातल्या एप्रिल-मेमध्ये पंख्याशिवाय बसवत नाही, आणि पंख्याखाली अर्ध्या इंचाचे काउंटर जागेवर राहत नाहीत. नेमप्लेट आणि बोर्ड बनवणाऱ्यांकडून नकाशाच्या मापाचा पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा कापून घ्या आणि नकाशावर ठेवा. कागद सपाट राहतो, घड्या बसतात, चहा सांडला तरी नकाशा वाचतो. काउंटर त्या ॲक्रिलिकवर मांडायचे. छताचा पंखा बंद करून टेबलफॅन भिडूंच्या पाठीशी लावणं हा आणखी साधा उपाय. ठेवायला बोहरी आळीत स्क्रूसाठी मिळतात तसले खणांचे प्लॅस्टिकचे डबे घ्या, प्रत्येक देशाला एक खण. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

दुसरी पायरी: हेक्स, झोक आणि तीनास एक

नकाशावरच्या षटकोनी घरांना हेक्स म्हणतात. चौकोनी घरांच्या पटावर तिरकी चाल सरळ चालीपेक्षा जवळजवळ दीडपट लांब पडते, तरी दोन्ही एकच घर म्हणून मोजली जातात. षटकोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे हा घोटाळा होत नाही. ॲव्हलॉन हिल या कंपनीने १९६१ पासून आपल्या खेळांत हेक्स वापरायला सुरुवात केली आणि तेव्हापासून युद्धखेळांची ती ओळखच झाली.

काउंटरवर दोन आकडे असतात: डावीकडचा ताकद, उजवीकडचा चाल. वरच्या चौकटीत फुली असेल तर पायदळ, लांबट गोल असेल तर रणगाडे. बहुतेक खेळांत हीच पद्धत असते, एकदा शिकलात की पुढच्या खेळातही उपयोगी पडते.

झोक म्हणजे झोन ऑफ कंट्रोल. प्रत्येक तुकडीच्या भोवतालची सहा हेक्स तिच्या धाकाखाली असतात. शत्रू त्यात शिरला की त्याला थांबावंच लागतं. नवखा भिडू हा नियम ऐकतो आणि विसरतो, मग पूर्ण आघाडीवर काउंटर चिकटून चिकटून लावतो आणि मागे राखीव काही उरत नाही. एकदा करून बघा: दोन तुकड्यांमध्ये दोन हेक्स रिकामी सोडा. मधली दोन्ही हेक्स कुणा ना कुणाच्या धाकाखाली आहेत, त्यामुळे शत्रू एका चालीत आरपार जाऊ शकत नाही. थोड्या तुकड्यांत लांब आघाडी राखता येते आणि उरलेल्या तुकड्या मागे ठेवता येतात. खरे सेनापती हेच करतात, कारण तोफांचा मारा आणि गस्त यांच्या जोरावर तुकडीचा धाक तिच्या खंदकापुरता मर्यादित नसतो.

झोकचा दुसरा परिणाम माघारीत दिसतो. हरलेल्या तुकडीला मागे हटायला धाकाखाली नसलेलं हेक्स मिळालं नाही, तर ती नष्ट होते. म्हणून समोरून धडका मारण्यापेक्षा दोन बाजूंनी वेढा घालून मग हल्ला करणं केव्हाही जास्त फायद्याचं. पहिल्या डावात दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, हे एवढं करून पाहाच.

आता लढाई. हल्ल्याची एकूण ताकद आणि बचावाची ताकद यांचं गुणोत्तर काढायचं, अपूर्णांक बचाव करणाऱ्याच्या बाजूने सोडून द्यायचा, फासा टाकायचा आणि सीआरटी (कॉम्बॅट रिझल्ट्स टेबल) नावाच्या तक्त्यात निकाल बघायचा. समजा बचावाची ताकद ४ आहे आणि तुमची ११. भागाकार येतो पावणेतीन, पण तक्त्यात तुम्ही २:१ च्या रकान्यात बसता. आणखी एक ताकद कुठून आणलीत की १२, आणि रकाना ३:१. त्या एका आकड्यासाठी एखादी दुबळी तुकडी फिरवून आणणं हा या खेळांतला मोठा आनंद आहे. हल्ल्याला तिप्पट बळ हवं हा सैन्यातला जुना आडाखा तक्त्यातही उतरलाय: ३:१ ला दान बहुतेकदा हल्लेखोराच्या बाजूने पडतं, १:१ ला स्वतःचंच नुकसान होण्याची भीती असते.

दान पडलं ते पडलं, फिरवायचं नाही. हा नियम पहिल्या दिवसापासून कडक पाळा. १९४२ मध्ये मिडवेवर चाल करण्याआधी जपानी नौदलाने टेबलावर सराव केला होता. फाशांनी आपल्या विमानवाहू जहाजांवर नऊ बॉम्ब पडल्याचं दाखवलं, तेव्हा ॲडमिरल उगाकी यांनी ते तीनच धरायला लावले, असं नौदलातले वैमानिक मित्सुओ फुचिदा यांनी नंतर लिहिलं. त्या जूनमध्ये जपानने खऱ्या समुद्रात चार विमानवाहू जहाजं गमावली.

तिसरी पायरी: रसद

नवखा भिडू सगळ्यात जास्त कंटाळतो तो सप्लायच्या नियमांना. माझ्या मते खेळाचा जीव तिथेच आहे, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त सुभेदार काका राहतात. एकदा मांडलेला नकाशा बघायला आले. कोण जिंकतंय हे त्यांनी विचारलंच नाही. सगळ्यात पुढच्या चळतीवर बोट ठेवून म्हणाले, “बाळा, ह्या पोरांना शिधा कुठनं जातो ते दाखव आधी.” मी बोटाने वाट दाखवायला लागलो तर मध्ये शत्रूचा झोक. काकांनी मान हलवली, “मग हे लढतायत कशावर?”

नियम नेमका एवढाच असतो. प्रत्येक तुकडीपासून शत्रूच्या तुकड्या आणि त्यांचे झोक टाळून एक वाट काढायची. ती ठरलेल्या हेक्सांच्या आत रस्ता किंवा रेल्वे गाठली पाहिजे, आणि तिथून पुढे आपल्या मुलखापर्यंत जोडलेली राहिली पाहिजे. वाट तुटली की तुकडीची चाल निम्मी होते, हल्ला निम्मा होतो किंवा बंदच पडतो, आणि काही टर्न तशीच राहिली तर ती पटावरून उचलावी लागते. खेळागणिक आकडे बदलतात, सांगाडा हाच.

मराठी माणसाला हे समजावायला पानिपत पुरेसं आहे. भाऊसाहेबांच्या छावणीचा शिधा तोडला गेला, रसदीच्या कामावर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ ला सैन्य उपाशीपोटी बाहेर पडलं. पटावर बघायचं तर काउंटरवरचा ताकदीचा आकडा तोच होता, वाट मात्र कधीच तुटलेली होती.

आता १९४१ चा रशिया घ्या. जर्मन रूळ ४ फूट साडेआठ इंचांचे, रशियन ५ फुटांचे. जर्मनांना मागचा प्रत्येक मार्ग नव्या मापाने बसवत जावं लागलं. पुणे-मिरज मार्ग मीटरगेज होता तेव्हा पुण्यात माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे, तसलीच अडचण, पण हजारो मैलांच्या आघाडीवर आणि लढाई चालू असताना. म्हणून पूर्व आघाडीच्या कित्येक खेळांत जर्मनांचं रेल्वेचं टोक टर्नमागे ठरावीक हेक्सच पुढे सरकतं. रणगाडे त्याच्याही पुढे धावू शकतात, पण मग पोटाला काही मिळत नाही. हा नियम वाचताना जाचक वाटतो, आणि पाचव्या टर्नला आपले रणगाडे मॉस्कोबाहेर थकून उभे राहिले की त्याचं कारण डोळ्यांसमोर असतं.

स्टालिनग्राडमध्ये नोव्हेंबर १९४२ च्या शेवटी सहाव्या जर्मन सैन्याभोवती वेढा पुरा झाला आणि २ फेब्रुवारी १९४३ ला तिथली उरलीसुरली फौज शरण आली. विमानांनी पोचवायची रसद पुरी पडली नाही. उलट उदाहरण आपल्याच सरहद्दीवरचं. मार्च १९४४ मध्ये जपानी पंधरावं सैन्य इंफाळ-कोहिमाकडे निघालं ते जेमतेम तीन आठवड्यांचा शिधा घेऊन, पुढचा शिधा ब्रिटिश कोठारं जिंकून मिळवायचा या हिशोबाने. सांगशाकला ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने, त्यात मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटणही होती, त्यांना काही मोलाचे दिवस अडवून धरलं. वेढलेल्या इंफाळला विमानांनी रसद मिळत राहिली, जपान्यांना नाही. खेळात हवाई रसदीचा नियम आला आणि तो किचकट वाटला, तर ही दोन नावं शेजारी ठेवून वाचा.

सरावासाठी एक काम करा. प्रत्येक टर्न सुरू होताना फासा उचलण्याआधी आपल्या प्रत्येक चळतीची वाट बोटाने काढा. पहिले काही डाव मोठ्याने बोलत काढा. वेळ लागतो, पण नंतर नजर आपोआप त्या वाटेवरून फिरते.

चौथी पायरी: सहा जण, फासे नाहीत

भिडू जास्त असतील तर ‘क्वार्टरमास्टर जनरल’ आणा. इयन ब्रॉडी यांचा २०१४ चा हा खेळ सहा देशांचा आहे: जर्मनी, ब्रिटन, जपान, रशिया, इटली, अमेरिका. आपल्या टर्नला एक पत्ता खेळायचा. रसदीशी न जोडलेलं सैन्य किंवा आरमार पटावरून उचलायचं. फासे नाहीत, वीस फेऱ्यांत डाव संपतो. वर जे रसदीबद्दल लिहिलं ते इथे एका संध्याकाळी अंगवळणी पडतं, म्हणून मी तो जगाच्या मोठ्या पटाआधी ठेवतो. फक्त बजावून सांगा की हातातले पत्ते परत येत नाहीत. कोणता सोडायचा हेच अर्धं युद्ध आहे.

पाचवी पायरी: जगाचा पट

लॅरी हॅरिस यांचा ‘ॲक्सिस अँड अलाइज’ पहिल्यांदा १९८१ मध्ये आला आणि १९८४ मध्ये मिल्टन ब्रॅडलीने काढल्यावर जगभर पोचला. नवख्यांनी ‘१९४२’ ची दुसरी आवृत्ती घ्यावी. नकाशावर हेक्सऐवजी प्रदेश आहेत, पुठ्ठ्याऐवजी प्लॅस्टिकच्या सोंगट्या आहेत आणि पाच देश आहेत. खेळायचा क्रम रशिया, जर्मनी, ब्रिटन, जपान, अमेरिका. आपला भारत यात ब्रिटनच्या ताब्यात आहे, तिथे कारखाना आहे आणि कलकत्ता हे विजयासाठी मोजल्या जाणाऱ्या तेरा शहरांपैकी एक आहे. जपानची नजर तिकडे वळायला फार टर्न लागत नाहीत.

प्रत्येक टर्नचे सहा टप्पे: खरेदी, लढाईची चाल, लढाई, लढाईविना चाल, नवं सैन्य मांडणं, उत्पन्न गोळा करणं. खरेदी सगळ्यात आधी, पण विकत घेतलेलं सैन्य पटावर येतं ते जवळजवळ शेवटी. म्हणजे आजची लढाई जिंकल्यावर काय लागेल ते लढाईआधीच ठरवावं लागतं. कारखान्यांची मागणी निकाल बघून नोंदवता येत नाही, हे त्यामागचं कारण.

सुरुवातीचं उत्पन्न रशियाचं २४, जर्मनीचं ४१, ब्रिटनचं ३१, जपानचं ३०, अमेरिकेचं ४२. बेरीज करा: दोस्त राष्ट्रं ९७, अक्ष राष्ट्रं ७१. इथेच दोन्ही बाजूंचा बेत ठरतो. काळ दोस्तांच्या बाजूने आहे. अक्ष राष्ट्रांना पहिल्या काही टर्नमध्येच उत्पन्नाची ही दरी भरून काढायला हवी, आणि दोस्तांनी तोवर फक्त उभं राहायचंय. रशियाकडून खेळणारा भिडू दुसऱ्याच टर्नला शौर्याने हल्ले करायला निघाला की मी त्याला हा हिशोब कागदावर काढून दाखवतो.

लढाईत प्रत्येक सोंगटीचा आकडा असतो. फासा त्या आकड्याइतका किंवा कमी पडला की मार बसला. पायदळाची किंमत ३, हल्ल्याला आकडा १, बचावाला २. तोफखाना ४ ला, आकडा २, आणि सोबतच्या एका पायदळाचा हल्ल्याचा आकडाही २ करतो. रणगाडा ६ ला, दोन्हीकडे ३. लढाऊ विमान १० ला, हल्ल्याला ३, बचावाला ४. अंदाज बांधायची रीत सोपी: सगळे आकडे मिळवा आणि ६ ने भागा. तीन पायदळं, एक तोफखाना, एक रणगाडा असा हल्ला असेल तर २+१+१+२+३, म्हणजे ९, सरासरी दीड मार. समोर तीन पायदळं असतील तर त्यांचे ६, सरासरी एक मार. हल्ला जमण्यासारखा आहे, पण पहिल्या फेरीत आपलंही एक पायदळ जाईल असं धरूनच निघा.

रशियाच्या २४ मध्ये आठ पायदळं येतात किंवा चार रणगाडे. बचावाला आठ पायदळांचे आकडे १६, रणगाड्यांचे १२, शिवाय पायदळ आठ मार सोसतं आणि रणगाडे चारच. हल्ल्याला मात्र पायदळाचे ८ आणि रणगाड्यांचे १२, आणि रणगाडा दोन प्रदेश चालतो. बचाव करायचा असेल तर पायदळ घ्या. हल्ला करायचा असेल तरी पायदळ घ्याच, मार सोसायला, आणि त्यामागे रणगाडे. नुसते रणगाडे पुढे सोडणारा भिडू दोन टर्नमध्ये रिकामा होतो.

समुद्राचं एकच सांगतो. सैन्य नेणाऱ्या वाहतूक जहाजाला या आवृत्तीत बचावाचा आकडा नाही. सोबत लढाऊ जहाज नसेल तर एक पाणबुडीसुद्धा ते बुडवते. अमेरिकेचा पैसा सगळ्यात जास्त, पण तो युरोपात पोचवायला आधी जहाजं, मग त्यांचं रक्षण, मग सैन्य, असा क्रम लागतो आणि त्यात टर्न जातात. १९४२-४३ मध्ये अटलांटिकची लढाई एवढी निर्णायक का होती, ते इथे कळतं.

रूलबुक, भिडू आणि जागा

रूलबुक पहिल्या पानापासून वाचू नका. आधी टर्नचा क्रम शोधा आणि तो एका कागदावर उतरवा. मग पट मांडून एकट्याने, दोन्ही बाजूंनी, दोन टर्न खेळा. अडलात की तेवढाच नियम उघडा. ऐच्छिक नियमांचं प्रकरण पहिल्या डावात बंदच ठेवा. कुणी एकाने तरी हे आधी केलेलं असलं पाहिजे, नाहीतर पाच जण जमतात आणि पहिले दोन तास वाचनातच जातात.

भिडू शोधताना फक्त बुद्धिबळवाल्यांकडे जाऊ नका. किल्ल्यांवर फिरणारी मंडळी, इतिहासाच्या व्याख्यानांना येणारे, इंजिनिअरिंगची मुलंमुली, निवृत्त फौजी, हे सगळे पटकन रुळतात. शहरातल्या बोर्डगेम कॅफेत छोटे खेळ करून बघता येतात, पण पाच-सहा तासांचा डाव घरीच बरा. हा पुरुषांचा छंद आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना लिव्हरपूलची गोष्ट सांगा. १९४२ मध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी तिथे एक युनिट सुरू केलं. नौदलाच्या महिला दलातल्या तरुण मुली खोलीच्या जमिनीवर आखलेल्या समुद्रावर जर्मन पाणबुड्यांचे डाव मांडत, उलगडत, आणि ताफ्यांचं रक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यावर खेळवून शिकवत. त्यांनी बसवलेले डाव अटलांटिकवर प्रत्यक्ष वापरले गेले.

देश वाटताना सगळ्यात नव्या भिडूला रशिया द्या. जमीनच जमीन, मुख्यतः पायदळ, आणि काम स्पष्ट. जपान आणि ब्रिटन अनुभवी माणसांना, कारण त्यांना जमीन आणि समुद्र दोन्हीकडे बघावं लागतं. वेळेसाठी बुद्धिबळाचं घड्याळ लावा किंवा प्रत्येक टर्नला मर्यादा ठरवा. भजी आणि चहा वेगळ्या टेबलावर, तेलकट बोटं काउंटरवर नकोत. प्रत्येक टर्न संपला की पटाचा फोटो काढा. धक्का लागून काही सांडलं तर वाद होत नाही, आणि डाव अर्धा सोडला तर पुढच्या रविवारी तसाच मांडता येतो. लहान पट असेल तर प्लायवुडवर मांडून तो तसाच दिवाणाखाली सरकवता येतो.

खेळ मागवायचा असेल तर आधी देशातल्या विक्रेत्यांकडे चौकशी करा. परदेशातून मागवला तर कस्टम्स आणि कुरिअर मिळून किंमत बरीच चढते. म्हणूनच विकत घेण्याआधी कॉम्प्युटरवर करून बघा. ‘व्हॅसल’ हा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात शेकडो युद्धखेळांचे पट आणि काउंटर तयार मिळतात आणि दुसऱ्या शहरातल्या भिडूशी खेळता येतं. त्यात नियम पाळायचं काम आपलंच असतं, म्हणून शिकायला ते उत्तम. ‘ट्रिपलए’ही फुकट आहे, तो ‘ॲक्सिस अँड अलाइज’च्या धर्तीचा आहे आणि त्यात कॉम्प्युटरविरुद्धही खेळता येतं. बऱ्याच कंपन्या आपली रूलबुकं साइटवर फुकट ठेवतात, ती उतरवून वाचा आणि मगच पैसे घाला.

जर्मनीच्या बाजूने बसण्याबद्दल

कुणाला तरी जर्मनी आणि जपान खेळावे लागतात. ते खेळा, जीव तोडून खेळा, पण त्या राजवटींची चिन्हं मिरवणं, घोषणा देणं, त्यांच्या नावाने थट्टा करणं हे टेबलावर चालू देऊ नका. पटावर छळछावण्या दिसत नाहीत, १९४३ चा बंगालचा दुष्काळही दिसत नाही. खेळ लष्करी निर्णयांपुरता आहे हे नव्या भिडूला, विशेषतः शाळकरी मुलांना, बसण्याआधी सांगावं.

आणि एका सकाळी खडकीच्या युद्ध दफनभूमीत जाऊन या. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी तिथे आहेत, प्रत्येक दगडावर नाव, पलटण आणि बहुतेकांवर वय. खडकवासल्याला एनडीएच्या मुख्य इमारतीचं नाव सुदान ब्लॉक आहे, तेही याच युद्धामुळे: पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेतल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानने दिलेल्या निधीतून ती उभी राहिली. इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये आणि नामदेव जाधव यांना १९४५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगे यांना मरणोत्तर. पटावर इटलीत ब्रिटिश रंगाची एक सोंगटी सरकते तेव्हा त्यात माणगावची आणि नगरची पोरंही होती हे ठाऊक असावं.

पुढे काय

इथवर आलात की मोठे खेळ मोकळे झाले. तीन भिडू असतील तर क्रेग बेसिंक यांचा ‘ट्रायम्फ अँड ट्रॅजेडी’ बघा. तो १९३६ ला सुरू होतो आणि युद्ध कधी, कुणामध्ये पेटेल हे भिडूंवर असतं. दोघांसाठी टेड रेसर यांचा १९९९ चा ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ मला सगळ्यात आवडतो. तो पहिल्या महायुद्धावर आहे. एकच पत्ता चार प्रकारे वापरता येतो: घटना म्हणून, हल्ल्या-हालचालींसाठी, सैन्य लांब हलवायला किंवा कुमक भरायला. प्रत्येक टर्नला तीन गोष्टींचा त्याग करावा लागतो. जॉन प्रॅडोस यांचा १९७४ चा ‘थर्ड राइश’ तीन महिन्यांचा एक टर्न धरतो आणि पैशाचा हिशोब शिकवतो: एका आघाडीवर पूर्ण हल्ल्याची मोहीम काढायची तर १५ गुण मोजावे लागतात, नुसतं झिजवत राहणं फुकट. आणि १९८५ पासून चालत आलेला ऑस्ट्रेलियन डिझाइन ग्रुपचा ‘वर्ल्ड इन फ्लेम्स’, दोन महिन्यांचा एक टर्न, सगळं जग. त्याला काही आठवडे आणि सोसायटीच्या क्लबहाउसातलं टेबल टेनिसचं टेबल लागतं. तो एकदम संपूर्ण घेऊ नका. त्यातला एखादा लहान सिनॅरिओ आधी खेळा.

डाव संपला की देशवार सोंगट्या डब्यात घालायचं काम सगळ्यांनी मिळून करा, एकावर टाकू नका. उठण्याआधी पुढची तारीख ठरवा. गणपती आणि दिवाळीचे आठवडे सोडूनच ठरवा, नाहीतर निम्मे भिडू येत नाहीत. आणि पुढच्या डावात बाजू बदला. जो रशिया खेळला त्याला जर्मनी द्या. मागच्या वेळी त्याने जी आघाडी राखली, तिच्यात खिंडार कुठे होतं ते त्यालाच नेमकं ठाऊक असतं.